खांब आडवा करा

रविवार, ता. ९ मार्च

तीर्थरूप आबा,

नमस्कार. इथं एका खोलीत आठ खाटा आहेत, वाकायला जागा नाही, तरी वाकूनच केलाय असं समजा. मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं. खोकला आहे, पण तो इथं सगळ्यांनाच आहे, त्यामुळे त्याचं कोणी विचारत नाही. ताईला सांगा, अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर पेन धरलं ते पगाराच्या सहीपुरतंच.

ताईचा फोन आला होता. म्हणाली, बावट्याच्या खांबावरची कप्पी गंजून बसलीय, दोरी अडकते, बावटा धड वर जात नाही की खाली येत नाही. आणि आबा वारा पडायची वाट बघतायत, शिडी लावून स्वतः चढणार. मी म्हटलं, त्यांना फोन दे. तुम्ही घेतलात, बराच वेळ 'हॅलो, हॅलो' केलंत आणि ताईला म्हणालात, "काही ऐकू आलं नाही, पण पोरगा बरा आहे वाटतं." आणि ठेवून दिलात. म्हणून हे पत्र.

नवी कप्पी पाठवतोय. पितळी आहे, गंजायची नाही. इथल्या बाजारात मिळाली. आमच्यातला वेल्डर सुट्टीवर निघालाय, तो आणून देईल. त्याला चहा द्या. बोटीचं काही विचारू नका, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता काम सांगतो. शिडी नको. खांबाच्या पायाशी दोन बोल्ट आहेत. वरचा काढला की खालच्यावर खांब फिरतो आणि अलगद आडवा येतो. बोल्टला आदल्या दिवशी रॉकेल पाजा, नाहीतर हलणार नाही. एकट्याने करू नका, वायरमनकाकांना हाक मारा. ते टोमणा मारतीलच, "काय आबा, कुठवर आली तुमची बोट?" मारू द्या. टोमण्याने हाड मोडत नाही. गंज पार खरवडून काढा, मग लाल प्रायमरचा एक हात, तो वाळला की रंग. दोरी नायलॉनची घ्या, सुताची कुजते.

तुम्ही म्हणाल, मीच शिकवलेलं मलाच शिकवतोस? खरंय. तुम्ही खांब आडवा का करत नाही तेही मला ठाऊक आहे. बावटा दिसला तरच सारंग बोट आपल्या धक्क्याकडे वळवतो, नाही दिसला तर सरळ पुढं, धक्क्यावरचं माणूस बसलं तोंड बघत. पूर्वी बोटीच्या सुट्टीला आपण खांब आडवा करायचो. आता बोट दुरुस्तीला गेलेली, कधी परत येईल नेम नाही, त्यामुळे तुम्हाला सुट्टीच उरली नाही. आला दिवस बावटा वर. आणि मागच्या आठवड्यात शिडीवरून पडलात. ताईने तेही सांगितलं.

आबा, कप्पी हातात घेतली की तुम्ही ती उलटीपालटी करून बघणार. तिच्या खाचेत एक पोपटी डाग आहे. मी रॉकेलने घासला. नीट नाही घासला.

आठवतं, खांब रंगवून उरलेला डबा तुम्ही सारंगाला दिलात आणि त्याने बोटीची डोलकाठी रंगवली? आई म्हणाली होती, "आता हे दोघं सख्खे भाऊ."

बाजारात मिळाली हे खोटं. मी जहाजं बांधतो असं तुम्ही सगळ्यांना सांगता. आम्ही तोडतो आबा. जुनी झालेली ओढून आणतात, आम्ही गॅसने कापतो, पत्रा वितळायला जातो. गेल्या महिन्यात भरतीला एक छोटी लाँच आणली. नावावर चुना फासलेला. डोलकाठी पोपटी.

मी फोरमनला म्हटलं, मला दुसरीकडे लावा. तो म्हणाला, "का रे, सासरची आहे का?" सगळे हसले. मीही हसलो.

कोणीतरी भोंगा काढायच्या आधी वाजवून बघितला. मी मान वर केली आणि बावटा शोधायला लागलो. मग कटर पेटवला. मी नसती कापली तर शेजारच्याने कापली असती, असं मी मला सांगतो. आता तिचा खिळाही राहिला नाही. फक्त कप्पी. गेटवर झडतीत सापडली. वॉचमनला म्हटलं, घरच्या खांबाला पाहिजे. तो म्हणाला, "घरी खांब असता तर इथं मरायला आला असतास का?" पण सोडलं त्याने.

ताईला सांगितलं असतं, पण ती तुम्हाला सांगणार नाही. तिला वाटतं, बोटीसाठी म्हणून तरी तुम्ही सकाळी उठता. मलाही तेच वाटतं. बरेच दिवस गप्प राहिलो. पण मी गप्प राहिलो तर तुम्ही शिडी चढणार, आणि सांगितलं तर कशासाठी उठणार, हे मला सुटत नाही. माझ्या डोक्याला इतकंच झेपलं की पडू नका.

म्हणून खांब आडवा करा. घाई नाही. रंग चांगला वाळू द्या, चार दिवस लागू देत नाहीतर चार महिने. कोणी येत नाहीये. परत उभा करायचा का ते तुम्ही बघा.

आता मी कधी येणार ते तुम्ही या कागदावर शोधत असाल. इथलं काम संपलं की पुढच्या यार्डात नेणार म्हणतात. मीही नाही म्हणणार नाही. एका जागी माझं बूड टिकत नाही, उगाच तुम्ही भिंगरी म्हणायचा नाहीत. आणि आलोच तर लांबून, रस्त्याने येईन. रस्त्यावरून आपला खांब दिसत नाही.

आपल्या धक्क्याला बोट शेवटची लागली ती मला न्यायला.

जिच्यासाठी तुम्ही तेव्हा बावटा चढवलात, ती तुमची

भिंगरी