दिवाणाच्या उंचीची गाडी

प्रिय उत्कर्षा,

फोनच करणार होतो. पण फोनवर माझं भाषण होतं हे तुला माहीत आहे, म्हणून कागद घेतला. आई बरी आहे. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर आता घरात काठीशिवाय फिरते. तुझ्याबद्दल मात्र बोलत नाही, तुझे फोनही दोन वाक्यांत संपवते. तिकडे चाकणला बसून तू ते मनाला लावून घेतलं असशील, आणि तुझंही काही चुकत नाही.

माझं ते व्याख्यान आठवतं ना? तू तिसऱ्या रांगेत बसलेली दिसत असूनही मी क्रॉसओव्हर गाड्यांवर घसरलो. "ना धड मोटार, ना धड जीप! पुठ्ठ्याची गदा खांद्यावर घेतली म्हणून नट भीम होत नाही!" सभागृह हसून लोळलं. तू केलेलं पहिलंच डिझाइन तेव्हा नुकतंच रस्त्यावर आलं होतं. घरी आल्यावर चपला काढता काढता तू एवढंच म्हणालीस, "बाबा, टाळ्या छान पडल्या." त्यानंतर त्या गाडीबद्दल तू माझ्याशी अवाक्षर काढलं नाहीस.

माझा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. शनिवार पेठेच्या बोळात समोरून अशी गाडी आली की पायी चालणाऱ्याने भिंतीला चिकटायचं, हे मला मान्य नाही. पुढून रागावल्यासारखं तोंड, मागे फटीएवढी काच. मागे लहान मूल उभं असलं तर चालवणाऱ्याला दिसणार कसं? याचं उत्तर मला तुझ्याकडून हवंच आहे.

पण गेल्या आठवड्यात आईला तपासणीला न्यायचं होतं. रिक्षात पाय उचलून चढावं लागतं आणि आपल्या जुन्या गाडीत खड्ड्यात उतरल्यासारखं बसावं लागतं. दोन्ही तिला जमत नाही. शेजारच्या पृथ्वीराजने नेमकी तुझीच गाडी घेतली आहे. तो म्हणाला, "काका, तत्त्वं घरी ठेवून या, काकूंना मी सोडतो." आई दाराकडे पाठ करून सीटवर टेकली, मग पाय आत वळवून घेतले. झालं. आधाराला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. "अहो," ती म्हणाली, "ही तर आपल्या दिवाणाएवढी आहे."

तेव्हा मला तीन-चार वर्षांपूर्वीची ती दिवाळी आठवली. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. तू टेप घेऊन बैठकीतला दिवाण मोजत होतीस, तिला त्यावर पुन्हा पुन्हा उठ-बस करायला लावत होतीस, आणि मी वर्तमानपत्राआडून विचारलं होतं, "विकायला काढलाय का?" ज्या गाडीला मी सोंग म्हटलं, ती तू आईच्या गुडघ्यांपासून रचायला घेतली होतीस. रस्ता बांधा नाहीतर पूल, आधी माणसाचा देह बघा, असं मी इतकी वर्षं व्यासपीठावरून ओरडतो आहे. तू ते मुकाट्याने केलंस. परतताना आई दारावरून हात फिरवत म्हणाली, "पोरीने माझ्यासाठी केली, आणि बारशाला पाठवायची तेवढी विसरली."

ते बारसं. श्यामलामावशीच्या नातवाचं, खराडीला. पाळणा आईनेच म्हणायचा होता, सकाळपासून पैठणी नेसून बसली होती. तू गाडी देऊन तुझ्या ऑफिसातल्या सूरजला पाठवलंस. तो आला होता, उत्कर्षा. मीच खाली उतरलो. ज्या गाडीवरून लोकांना हसवलं, तिच्यातच आपल्या बायकोला सगळ्या पेठेदेखत बसवायचं, हे मला सोसेना. सूरजला म्हणालो, "बाईंना या गाडीत बसायचं नाही, असं सांग तिला." वर येऊन आईला म्हणालो, "उत्कर्षाची गाडी काही आली नाही. असेल कामात." आईने पैठणीतच, दिवाणावर बसून, फोनवर पाळणा म्हटला. तुम्ही दोघी एकमेकींवर रुसला आहात ते माझ्या या दोन थापांमुळे. हे सांगायलाच कागद घेतला. आईला अजून कळलेलं नाही. हे पत्र आधी तिला वाचून दाखवणार आणि मगच पेटीत टाकणार. तुझ्या हाती पडलं तर तिला सगळं कळलं आहे, असं समज.

तुझाच,
टाळ्यांना भुललेला बाबा

ता. क. वाचून दाखवलं. माझा आवाज फुटेना, तर म्हणाली, "मोठ्याने वाचा, सभागृहात फुटतो की!" आत्ता सांगते आहे ते जसंच्या तसं लिहितो: "तिला म्हणावं, रविवारी गाडी घेऊन ये, खराडीला जाऊ. मला बाळाच्या समोर बसून पाळणा म्हणायचा आहे. तुम्हाला स्वारगेटहून बस मिळेल."