शनिवारची माफी

आई, परवा टेंभुर्णीला मला तुझा उजवा हात दिसला. जावयाचं तिथं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचं पोट सारखं दुखतं आणि तो काही दाद देत नाही, म्हणून लेकीनं मलाच त्याच्यासोबत दवाखान्यात धाडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एक चित्र पुढं ठेवलं. मनगटापासून लोंबणारा हात, बोटं जमिनीकडं. "शिसं अंगात भिनत गेलं की असं होतं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "बॅटरीतलं शिसं?" "बॅटरीतलं, रंगातलं, शेंदरातलं. कुठलंही." शेंदरातलं म्हटल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. आजारी तो, आणि पाणी आणायला धावला माझ्यासाठी.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर आपण मैंदर्गी सोडून सोलापुरात आलो तेव्हा मी नऊ वर्षांची. तुला शेंदराच्या वखारीत काम मिळालं. खिडकी नसलेली खोली, मधे शेंदराचा ढीग, भोवती सात-आठ बायका मांडी घालून पुड्या भरतायत. एकदा तुझा डबा द्यायला आले तर कोण कुठली ओळखू येईना. भुवया, पापण्या सगळ्यांच्या केशरी. तू ओठ चाटत म्हणालीस, "तोंड कसं गोड-गोड लागतंय बघ. देवाचं काम हाय की." मालक भारी सोवळा. त्याचा एकच नियम होता, अडचणीच्या चार दिवसांत बाईनं शेंदराला शिवायचं नाही. नाकातोंडाला फडकं बांधा, हात धुऊन जेवा, असलं त्याला कधी सुचलं नाही. मला अजून त्याचा संताप येतो. मेला असेल तो, तरी येतो.

तू ते चार दिवस घरी बसत नव्हतीस. बसली असतीस तर तुझी जागा दुसरीला गेली असती, आणि हनुमान जयंती तोंडावर आलेली. लुगड्याखाली लपवून वाळत घातलेली फडकी मला दिसायची. मला कळत होतं सगळं.

संध्याकाळी तू दारात दिसलीस की मी पळत यायची, आणि तू लांबूनच ओरडायचीस, "शिवू नगंस. आदी आंगोळ करू दे." देवाचा शेंदूर पायदळी जाऊ नये म्हणून लुगडं तुळशीच्या डब्यावर झटकायचीस, मग न्हायचीस, मग कुठं मला जवळ घ्यायचीस. एकदा मी ऐकलंच नाही, येऊन कमरेला मिठी मारली, तर फाडकन थोबाडीत दिलीस. त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्याच दिवशी तुझ्या हातातली परात निसटली. पोटात कळा तर कधीच्या येत होत्या, मधे एकदा पोटही पडलं होतं, पण आता मनगटच उचलेना. भाकरी थापायला बसलीस आणि हात तसाच पडून, ओल्या फडक्यासारखा. आजी, म्हणजे तुझी सासू, समोर उकिडवी बसली. "देवाच्या वस्तूला इटाळ झालाय. खरं सांग, शिवलीस का?" तू म्हणालीस, "न्हाय." आणि चुलीपाशी बसलेली मी म्हणाले, "आई त्या दिवसांतबी जाती की."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

आजीनं उपाय सांगितला. अकरा शनिवार निरंकार उपास, आणि दुखऱ्या मनगटाला मारुतीच्या अंगावरचा शेंदूर. तू दोन्ही केलंस. उपाशीपोटी वखारीतही जात राहिलीस, डाव्या हातानं पुड्या भरत. परवा दवाखान्यातून निघताना मी विचारलंच, उपाशी असलं तर काय होतं? "जास्त भिनतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठव्या शनिवारी तुला झटके आले. दोन दिवस त्यातच गेले, तिसऱ्या दिवशी तू गेलीस. मधे शुद्धीवर आलीस तेव्हा माझा हात चाचपत म्हणालीस, "माजी चूक झाली गं. मारुतीला माज्यासाटी माफी मागत जा."

मागितली. लग्नाआधी सोलापुरात, लग्नानंतर सासरी, बाळंतपणं आणि अडचणीचे दिवस सोडले तर एक शनिवार चुकवला नाही. जन्मभर मी देवापुढं तुला गुन्हेगार म्हणून उभं केलं, आई. तुझी चूक नव्हतीच. देव रागावला नव्हता, ती भुकटीच विषारी होती. आणि अंघोळीआधी तू मला शिवू दिलं नाहीस, म्हणून मी धडधाकट राहिले, साठी ओलांडून बसलेय.

या शनिवारीही पाय सवयीनं देवळाकडं गेले. हात जोडले, पण तुझ्यासाठी काही मागितलं नाही. हा कागद तुला कुठं पाठवणार, पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. फक्त एक राहिलं. आजीपुढं माझ्या तोंडून ते निसटलं, नऊ वर्षांचं पोर, त्याला काय कळतंय, असंच तू धरून चालली असशील. निसटलं नव्हतं. आदल्या दिवशी थोबाडीत मारलं होतंस ना, तो राग होता. मी मुद्दाम सांगितलं.