दुसरी कडी

ता. १९ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटे,

दादाचा आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. मिळून बरेच दिवस झाले. उशिराची कारणं लिहीत बसत नाही, कारणं सांगणाऱ्या माणसांचा मला किती कंटाळा आहे ते तुला ठाऊक आहे. तू बरी असशील. तुझ्या शाळेतली पोरं रेघा सरळ मारत असतील. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा दुखतो, तो दुखणारच. मिस्त्री आहे तसाच आहे, अजून दातांत खिळे धरून बोलतो आणि "काय म्हणालास?" विचारलं की चिडतो. शुद्धलेखन तपासू नकोस. चौथीनंतर मी रंधा धरला तो धरला, पेन फक्त सहीपुरतं.

आई बरी आहे. फारशी हिंडत नाही आता.

कामाचं म्हणशील तर नवा माल बंद ठेवलाय. विकलेली स्टुलं परत गोळा करतोय. थोडी दुरुस्ती आहे. तीनशे विकली गेली होती, अठ्ठ्याऐंशी आली. रोज सकाळी मी आणि मिस्त्री हातगाडी घेऊन निघतो. दुकानदार आठवून आठवून सांगतात, "ती बाई बहुतेक पाण्याच्या टाकीजवळ राहते," मग टाकीजवळची घरं धुंडाळायची. पत्ता कुणी लिहून ठेवतं का? स्टूल विकलं म्हणजे काय लग्न जमवलं?

आणि सापडली तरी लोक देत नाहीत. परवा एका तिसऱ्या मजल्यावर गेलो. म्हातारी एकटी राहते. दार अर्धंच उघडलं.

"काय पाहिजे?"

"आजी, ते पायऱ्यांचं स्टूल आमच्या कारखान्याचं आहे. परत द्या. पैसे देतो."

"का? चांगलं चाललंय की."

"त्याला एक कडी कमी आहे. आजी, ते मिटतं."

"आहे की कडी. मी लावते. मला काय खुळी समजलात?"

"एखाद्या दिवशी विसराल."

"तुम्ही विसरत असाल. एवढ्या-तेवढ्याचं कशाला अवडंबर करताय?" आणि दार लावलं.

मिस्त्री जिन्यात बसून हसायला लागला. मी म्हटलं, हसतोस काय गाढवा? तर म्हणतो, "मालक, तुम्हीच बोलत होतात आतून."

खरं आहे. हेच वाक्य मी तुला बोललो होतो. त्याबद्दल लिहायलाच बसलो होतो, पण पेन भलतीकडेच पळतंय.

तुला सगळं सांगायचं तर तुझ्या त्या दोन महिन्यांपासून सांगायला पाहिजे. तू कारखान्यातलं काम सोडून आईच्या स्वयंपाकघरात बसायचीस आणि वहीत लिहायचीस. आईचा हात कुठवर पोचतो, डबा काढताना ती कशाला धरते, ओट्यावर गुडघा टेकवते का. मी सगळ्या कामगारांसमोर म्हटलं होतं, "आमच्याकडे दोन म्हाताऱ्या झाल्यात, एक डबा काढते आणि दुसरी तिच्याकडे बघते." सगळे हसले. तू हसली नाहीस. मग तू तो कागद आणलास. तीन पायऱ्या, मागे धरायला दांडा, मिटलं की दाराआड मावेल एवढं. मी म्हटलं, एवढ्या-तेवढ्याचं कशाला अवडंबर करतेस? आपण रंगाऱ्यांना शिड्या विकतो, म्हाताऱ्यांना खेळणी नाही. चित्रं काढायची असतील तर शाळेत काढ. तू गेलीस शाळेतच. तीन वर्षं झाली.

कागद मात्र खिळ्याला लटकत राहिला. फेकला नाही. का नाही फेकला ते विचारू नकोस.

मग पत्र्याच्या हलक्या शिड्या आल्या. एका बोटानं उचलतात. आमची लाकडी शिडी उचलायला दोन माणसं लागतात, रंगारी कशाला घेईल? वर्षभरात भिंतीला शिड्या उभ्या राहिल्या त्या उभ्याच. कामगार गेले, मिस्त्री राहिला, त्याला दुसरीकडे कोण घेणार. अशात तो व्यापारी आला. आम्ही त्याला गोडबोल्या म्हणतो, तोंडात साखर घोळवूनच बोलतो. शिड्या बघून नाक मुरडलं आणि मग खिळ्यावरच्या कागदासमोर उभा राहिला. दहा मिनिटं. 

"ही कुणाची कल्पना?"

मी म्हटलं, "कारखान्याची."

बघ, तिथूनच सुरुवात.

तो म्हणाला, दादासाहेब, हे सोनं आहे, घरोघरी म्हातारी माणसं आहेत आणि घरोघरी उंच फळ्या आहेत. नाव त्यानंच काढलं, आईची पायरी. खोक्यावर आईचा फोटो घेतला, वरच्या पायरीवर उभी, हातात डबा, हसतेय. खाली छापलं, "निर्धास्त चढा". आईनं त्या दिवशी दोनदा केस विंचरले.

तुझ्या कागदावर दोन कड्या होत्या. पुढची हातानं लावायची. मागची स्टूल उघडलं की आपल्या वजनानं आपोआप पडायची, म्हणजे पुढची लावायला विसरलं तरी पाय मिटायचे नाहीत. ती मागची काही जमेना. मिस्त्रीनं आठ-दहा करून बघितल्या. एक अडकायची, एक पडायचीच नाही. गोडबोल्या घाईला आला होता. मी म्हटलं, सोड रे ती भानगड. एक कडी आहे ना? माणसाला डोळे आहेत, हात आहेत, लावेल की. दोन दोन कड्या कशाला, तिजोरी आहे का?

तुझी ती पद्धत होती, वस्तू माणसाच्या हातात द्यायची आणि आपलं तोंड बंद ठेवायचं. सांगायचं नाही, दाखवायचं नाही, नुसतं बघायचं. तू म्हणायचीस, "दादा, विकल्यावर तू प्रत्येकाच्या घरी जाऊन बोलणार आहेस का?" मी तेही केलं. खोटं नाही सांगत, मला वाटलं, तिचं एवढं तरी ठेवू. पहिलं स्टूल आईला दिलं. म्हटलं, चढ. पण माझं तोंड तुला माहीत आहे. तिनं पाय उचलला की मी म्हणायचो, "आधी कडी." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आई, कडी." पंधरा दिवस ती रोज चढली, रोज उतरली, आणि रोज मी दारात उभा राहून ओरडायचो. शेवटी मिस्त्रीला म्हटलं, बघ, एकदासुद्धा विसरली नाही.

एकदासुद्धा विसरली नाही! मी विसरूच दिलं नव्हतं.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या.

बुधवार

काल लिहिलेलं वाचलं. वाटलं फाडून टाकावं आणि चार ओळी लिहून मोकळं व्हावं. पण मग चार ओळींत मी पुन्हा "आई बरी आहे" असंच लिहीन.

आई बरी नाही. आई अंथरुणावर आहे. बारा सप्टेंबरपासून. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन तिला झेपणार नाही, बसवलं तर बसेल, उभी राहणार नाही. वहिनी सगळं करते. कूस बदलायला दोघं लागतात. आईचं वजन कितीसं, पण दुखतं, आणि दुखलं तरी ती ओरडत नाही. ओठ चावते. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

सगळ्यांना सांगितलं की ओट्याजवळ पाणी सांडलं होतं, पाय घसरला. शेजाऱ्यांना, डॉक्टरला, वहिनीलासुद्धा. तुला तर काहीच कळवलं नाही. आईच म्हणाली, पोरीला कळवू नकोस, धावत येईल.

पाणीबिणी काही नव्हतं. ती आपल्या स्टुलावरून पडली.

वहिनी मागे कपडे वाळत घालत होती. मी दारात नव्हतो. आवाज आला म्हणून गेलो, तर आई जमिनीवर, पाय भलतीकडेच वळलेला, आणि स्टूल तिच्या अंगाखाली मिटून पडलेलं. पुढची कडी मोकळी लोंबत होती. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आधी ते उचल. दाराआड ठेव. सूनबाई येईल." मी म्हटलं, आई, पाय— तर म्हणाली, "पायाचं राहू दे. खोक्यावर माझा फोटो आहे. लोक काय म्हणतील? उचल."

मी उचललं. आईला नाही, धाकटे. आधी स्टूल उचललं, मिटलेलंच होतं, दाराआड नीट उभं केलं, आणि मग आईकडे वळलो.

हे मी कुणाला बोललेलो नाही. मिस्त्रीला फक्त एवढंच सांगितलं की एक कडी कमी पडतेय, माल परत आणायचा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हातगाडीला तेल घातलं.

आता कार्डाचं. तू एकच ओळ लिहिली होतीस. "दादा, दुकानात तुझं स्टूल बघितलं, दुसरी कडी कुठे आहे?" ना नमस्कार, ना सही. चोरी केलीस असंही नाही लिहिलंस, ते लिहिलं असतंस तर मी भांडलो असतो. तुझं अक्षर बघून आधी मला बरं वाटलं होतं, मग डोकं सणकलं. तीन वर्षांनी लिहितेय आणि चूक काढतेय! शर्टाच्या खिशात ठेवलं. म्हटलं, सवडीनं बघू.

कार्ड आलं तीन तारखेला. आई पडली बाराला. मधे नऊ दिवस होते. सगळी तीनशे गोळा करणं जमलं नसतं, मान्य. पण घरातल्या एका स्टुलाला लाकडाची आडवी पट्टी ठोकायला अर्धा तास पुरला असता. मिटलं नसतं, दाराआड मावलं नसतं, एवढंच. नऊ दिवस मी जाता-येता ते दाराआड उभं बघत होतो. खिशात कार्ड होतं.

गोडबोल्या म्हणतो, माल परत मागवू नका, बोभाटा होईल. हळूच पुढच्या मालाला दोन कड्या लावा, "नवी सुधारित" म्हणून छापू. मी त्याला म्हटलं वर्तमानपत्रात जाहीर करू, तर उठून गेला. मी एकटाच गेलो जाहिरात द्यायला. तिथला माणूस म्हणाला, आजोबा, मजकूर लिहून द्या. "कृपया आमचं स्टूल वापरू नका." त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही जाहिरात आहे ना?" छापली कोपऱ्यात. चार माणसं आली.

दुसरी कडी मी पुन्हा करून बघतोय. बैल गेला आणि झोपा केला, म्हणशील. म्हण. तुझा कागद समोर आहे, पण कडीचं तोंड तू कोणत्या बाजूला तिरकं केलंयस ते मला कळत नाही. आणि कळलं तरी आता त्याला विचारतो कोण. बाजारात मी नाव घालवलंय. उद्या तू स्वतः केलेलं, तीन कड्यांचं आणलंस तरी दुकानदार म्हणेल, हे तेच ना, मिटणारं? तुझी दोन महिन्यांची वही, ती मी अशी मातीत घातली. चांगली वस्तू होती. हे मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. आता म्हणून कुणाच्या कामाचं?

आई रोज विचारते, "धाकटीचं काही पत्र?" मी म्हणतो, नाही. कार्ड दाखवलं तर ती तारीख बघेल. तिचे डोळे अजून शाबूत आहेत.

काल मी पाणी पाजत होतो, तर म्हणाली, "स्टुलं खपताहेत ना रे?" मी म्हटलं, हो. एवढी खूश झाली. म्हणाली, "पोरीचं डोकं आणि तुझे हात. मला वाटलंच होतं तुम्ही दोघं एक दिवस मिळून काहीतरी कराल." आणि मग दमून डोळे मिटले.

तू ये, असं म्हणायचं तोंड मला नाही. नको येऊस म्हणायचं त्याहून नाही. आलीस तर ती तुलाही विचारेल स्टुलांचं. काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तुला खोटं बोल म्हणणार नाही, आणि खरं बोलायलाही सांगणार नाही.

अंगणात अठ्ठ्याऐंशी रचली आहेत. दोनशे बारा घराघरांत उभी आहेत, आणि त्यातल्या एकाही दारात ओरडायला मी नाही. उजाडलं आहे. मिस्त्री गाडी घेऊन आलाय, निघतो.

ज्यानं आधी स्टूल उचललं, तो तुझा
दादा