तुझ्या नावावरचा परवाना

१४ मार्च, शनिवार

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या दादाची टाच दुखायची थांबली, पण लंगडायची सवय राहिलीय. कुणी भेटायला आलं की जरा जास्तच. भरतकामाची तिन्ही मशीन चालू आहेत. सध्या दवाखान्याच्या कोटांवर डॉक्टरांची नावं भरतोय. नावं एकापेक्षा एक लांब, आणि खिसा केवढासा!

बातमी म्हणजे, ऑफिसातले कॉम्प्युटर म्हातारे झाले. दुरुस्तीला येणारे चष्मेवाले काका म्हणाले, "या जुन्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत आणि नवी विंडोज या मशीनना झेपणार नाही. नवे कॉम्प्युटर घ्या, नाहीतर यांच्यावर लिनक्स टाका. मोफत आहे."

दादा म्हणाला, "मोफत म्हणजे नियम नाहीत ना?"

"नियम आहेत. फक्त तिथे हव्या तेवढ्या मशीनवर टाकायची, दुसऱ्याला द्यायची मुभा आहे. तुमचा भरतकामाचा प्रोग्राम मात्र त्यावर चालणार नाही. त्याला विंडोजच लागते, म्हणजे नवा कॉम्प्युटर."

दादाचा कल नव्या कॉम्प्युटरकडे होता. काकांनी विचारलं, "प्रोग्रामचा परवाना कुणाच्या नावावर? तो एकाच कॉम्प्युटरपुरता आहे. दुसरीकडे हलवायचा तर ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच अर्ज करायला हवा. पासवर्ड माहीत असेल तर दोन मिनिटांचं काम."

पासवर्ड मला माहीत आहे. माझी जन्मतारीख ठेवली होतीस तू. मी खुर्चीत बसले, तुझं नाव टाइप केलं, आणि पुढे बोट हलेना.

छोटी, दोन वर्षांपूर्वी शाळेच्या बिल्ल्यांची घाई होती. तू तापानं पडलेलीस. एका कॉम्प्युटरवर काम उरकेना, म्हणून ओळखीच्या एकाला बोलावून तोच प्रोग्राम कुलूप तोडून बाकीच्या दोन्हींवर टाकून घेतला. मी घेतला. मला वाटायचं, वस्तू आपण विकत आणलीय, घरात कुठेही ठेवू. आठवड्यानं कंपनीनं तिन्हीकडचा प्रोग्राम बंद केला आणि नोटीस तुझ्या नावावर आली. दंड भरल्यावर मूळ एका कॉम्प्युटरवरचा तेवढा पुन्हा सुरू झाला. दादा तुला सगळ्या कामगारांसमोर 'चोरटी' म्हणाला. मी शेजारी उभी राहून दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मूग गिळून बसला. पुढच्या सोमवारी तू बॅग भरलीस. परक्या गावच्या नोकरीला निघताना मला म्हणालीस, "वहिनी, दादाला वेळेवर गोळ्या दे."

तुला कळलं होतं ना? तरी बोलली नाहीस.

या खेपेला मी परवाना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एकवीस पानं. अर्थ एवढाच की प्रोग्राम आपला नव्हताच. वापरायची परवानगी तेवढी आपली होती, तीही तुझ्या शब्दावर मिळालेली.

मग दादाला सांगितलं. तो चपलाच शोधत राहिला, पायात असून. शेवटी म्हणाला, "मी तिला एकदा विचारायला तरी हवं होतं." तेव्हापासून रोज फोन हातात घेतो, तुझा नंबर काढतो आणि ठेवून देतो. फोन आला तर लगेच उचल, गं. दुसऱ्यांदा लावायचा धीर त्याला व्हायचा नाही.

दोन्ही कॉम्प्युटरवर आता लिनक्स आहे. अक्षरं भरायला एक मोफत प्रोग्राम मिळाला. परवा माझ्या हातून एक डॉक्टर उलटे भरले गेले, पण शिकतेय. वेलबुट्टीची कामं सध्या घेत नाही. तिसऱ्या कॉम्प्युटरवरून तुझा प्रोग्राम काकांकडून रीतसर काढून घेतला. त्याच्या परवान्याचा कोड आणि कंपनीला मी लिहिलेल्या कबुलीची प्रत सोबत आहे. परवाना तुझा आहे. तिथे स्वतःचं काम सुरू करायचं असेल तर खुशाल वापर. आमच्यासाठी अर्ज करू नकोस. ते मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

माफ कर असंही लिहीत नाही. तुला बरं नसताना मी तुझ्या नावाआड लपले, हे तुला माझ्याच अक्षरात मिळावं, एवढंच. तुझ्या खोलीत मी सामान ठेवू दिलेलं नाही.

या वेळी स्वतःच्या सहीनं,
तुझी वहिनी