हिरडीवरचा पहारा

धुळे, १२ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस,
भूमिकाचा शि. सा. न.

फोनवर तू "सगळं बरं शे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र.

आज दातांच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली लाळेतल्या पांढऱ्या पेशी पाहिल्या. रक्तातून निघून त्या हिरडीच्या कडेला येतात, जंतूंना गिळतात आणि तिथंच मरतात. माघारी कोणी जात नाही. आपण जेवत-झोपत असतो तेव्हाही हे चालूच असतं.

मग सर म्हणाले, तंबाखूची मिश्री लावणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या आखडतात, या पेशीही नीट लढत नाहीत. आतून हिरडी सडली तरी रक्त दिसत नाही. दिवाळीत तुझं तोंड बघून, रक्त नाही म्हणजे हिरड्या छान, असं मीच ऐटीत सांगितलं होतं. चुकलं माझं. मिश्री थांबव आणि इकडे ये, नाहीतर दात राहणार नाहीत.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी भूमिका

कळसाडी, २० डिसेंबर

चि. भूमिकास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाई, आधी पास तर व्हा! कापसाची वेचणी चालू आहे, पप्पांना खोकला आहे. परवा भाकरी खाताना एक दात हातात आला. दुखलं नाही. धुऊन कोनाड्यात ठेवला आहे.

तुझा दादा उसाच्या ट्रॉलीखाली गेला, त्या दिवशी शेजारच्या निर्मलाबाईने माझ्या तळहातावर मिश्री ठेवली. आधी दिवसातून एकदा लावायचे, तेव्हापासून चारदा लावते. हेमराजला जाऊन दहा महिने झाले आणि मी रडले नाही, हे गावाने बोलून दाखवलं. मलाही नवल वाटतं. तोंड बधिर, तसंच बाकीचं. ही सोडली तर काय होईल याची भीती वाटते.

जीव लावतेस तसाच लावत जा.
आई

धुळे, २७ डिसेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न.

भीती मलाही वाटते. तरी सोड. सोडल्यावर रक्त येईल, घाबरू नकोस. हिरडी जागी झाल्याची ती खूण आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
भूमिका

कळसाडी, ९ जानेवारी २०२५

चि. भूमिकास आशीर्वाद.

डबी निर्मलाबाईला देऊन आठ दिवस झाले. मिश्री लावायला ओट्यावर तिला एकटीला बसवत नाही, म्हणून ती फुगली आहे. काल सकाळी चूळ भरली तर पाणी लाल. हिरडी ठणकायला लागली. हेमराजचा पहिला दात पडला तेव्हा तो असाच लाल तोंडाने माझ्याकडे पळत आला होता, ते आठवलं. न्हाणीतच बसून मोठ्यांदा रडले.

पप्पा धावत आले. दात दुखतोय का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग तेही खाली बसले आणि रडले.

सोमवारच्या बसने दोघं येतो. फार दुखतंय गं.

तुझीच,
आई