नायरीचं ड्रेसिंग, नायरीशिवाय

२४ जानेवारी

नायरी गेली. नेल्सनला, बहिणीच्या गावी. कधी येणार विचारलं तर म्हणाली, "बघू." बघू म्हणजे काय?

कारण ऐकलं तर लोक हसतील. नाताळच्या जेवणात सुनेनं, ब्रायोनीनं, लिंबू नि ऑलिव्हचं तेल घालून सॅलडवरचं ड्रेसिंग केलं होतं. मी दोनदा घेतलं आणि म्हणालो, "चला, एकदाचं गोड नसलेलं ड्रेसिंग मिळालं!" बस्स, एवढंच. ही काही बोलली नाही. महिनाभर नाही. मला वाटलं, विसरली. काल जेवताना तिनं तिचं ते नेहमीचं कन्डेन्स्ड मिल्कचं ड्रेसिंग पुढे केलं आणि मी आपला सहज बोलून गेलो, "ब्रायोनीला तिचं कसं करतात ते विचारून घे ना."

विचारून घे! लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेल्या माणसानं असं बोलावं?

जाताना दारातून म्हणाली, "फ्रीजमध्ये मटण आहे. लेट्यूस वाफ्यात आहे. ड्रेसिंगचं तुझं तू बघ."

२५ जानेवारी

मटण. लेट्यूस. कोरडं.

२७ जानेवारी

फोन केला. तिच्या बहिणीनं, जॉयसनं उचलला. "ती बागेत आहे," म्हणाली. नेल्सनला काल दिवसभर पाऊस होता, बातम्यांत सांगितलं. आजही.

२८ जानेवारी

घोटाळा! आम्ही हिरवळीवर चेंडू घरंगळवतो त्या बोल्स क्लबच्या व्हॅल्माचा फोन. सहा फेब्रुवारीला क्लबचं जेवण, नायरीच्या ड्रेसिंगच्या दोन बरण्या नेहमीप्रमाणे हव्यात. मी म्हणालो, नायरी इथे नाही. "नाही म्हणजे?" व्हॅल्माचा आवाज एकदम गोड झाला. या बाईला एक धागा मिळाला की ती संध्याकाळपर्यंत गावभर स्वेटर विणून वाटते. म्हणून घाईघाईत सांगितलं — जॉयसच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नायरी शुश्रूषेला गेली आहे.

"अगंबाई! बिचारी! मग ड्रेसिंग?"

"करून ठेवून गेली आहे," मी म्हणालो.

हे मी का बोललो? दोन बरण्या! आता बरण्या नेल्या नाहीत तर गावाला कळणार. आणि नेलेल्या वाईट निघाल्या तर लगेच कळणार, कारण नायरीची चव इथे प्रत्येकाच्या जिभेवर आहे. "डेस मकॅलमची बायको त्याला सोडून गेली, तीसुद्धा सॅलडवरून!" असं माझ्याबद्दल बोलतील. या गावात मग मला तोंड दाखवता येणार नाही.

३० जानेवारी

दुकानातून दुधाचा डबा आणला. व्हिनेगर, मोहरीची पूड, मीठ घरात होतंच. त्यात अवघड ते काय? चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय मी.

ढवळलं. पाणी. आणखी ढवळलं. फेसाळलेलं पाणी. व्हिनेगर वाढवलं. दूध फाटल्यासारख्या गुठळ्या!

शेजारचा तमाती आला. आम्ही दोघं एकाच डेअरीत ड्रायव्हर होतो. त्यानं भांड्यात डोकावून पाहिलं, मग डबा उचलून लांब धरून वाचला.

"अरे, हे बिनसाखरेचं दूध आहे. आटवलेलं नुसतं. नायरी गोडाचा डबा घेते."

"दोन्ही डबे सारखेच दिसतात!"

"तुला सारखे दिसतात. तू चष्मा कशाला घेतलास, टीव्हीवर ठेवायला?"

वाटी कुत्र्यापुढे ठेवली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो उठून गेला.

१ फेब्रुवारी

गोडाचा डबा आणला. डब्यावरच कृती छापली आहे! म्हणजे हिची ती प्रसिद्ध कृती देशातल्या प्रत्येक डब्यावर आहे, आणि मला वाटायचं हिच्या आईची.

तरी पातळच झालं. मिक्सर लावला. पातळ. हातानं घोटलं, खांदा भरून आला. पातळ! चमचा सिंकमध्ये आदळला, नायरीला, ब्रायोनीला आणि व्हॅल्माला शिव्या घातल्या, आणि घेवड्याला पाणी घालायला निघून गेलो.

परत आलो तर भांड्यात चमचा उभा राहील इतकं घट्ट! नुसतं सोडून द्यायचं असतं. आपसूक जमतं. हे डब्यावर लिहिलेलं होतं, शेवटच्या ओळीत.

लेट्यूसवर घालून खाल्लं. गोड. नायरीचं. मला एकदम रडू आलं, हे इथे लिहितो, तमातीला सांगणार नाही.

३ फेब्रुवारी

पुन्हा फोन केला. "ती बाहेर गेली आहे." मागे कुणीतरी शिंकलं. ती शिंक मी ओळखतो.

६ फेब्रुवारी

सकाळी डबे फोडले आणि बघतो तर व्हिनेगरची बाटली रिकामी! निम्मं त्या गुठळ्यांत गेलेलं, उरलेलं एक तारखेला. सुट्टीचा दिवस, दुकान बंद. तमातीकडे व्हिनेगर नाही; त्याच्याकडे टोमॅटो सॉस सोडून काही नसतंच.

कपाटात हिच्या लोणच्याच्या कांद्यांची बरणी दिसली. कांदे तिखट, त्यावर तपकिरी पाणी. ते व्हिनेगरच ना शेवटी? गाळलं, ओतलं, डोळे मिटले, घेवड्याकडे गेलो.

जेवणात मी कोपऱ्यात बसलो. लेट्यूस, उकडलेली अंडी, बीट, आणि मधोमध माझ्या बरण्या. व्हॅल्मानं घेतलं. थांबली. पुन्हा घेतलं.

"डेस!" ती भर हॉलमध्ये ओरडली. "नायरीनं यंदा केलंय तरी काय यात? इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं!"

दोन्ही बरण्या चाटूनपुसून साफ. क्लबच्या अध्यक्षानं पावानं पुसलं. तमाती माझ्याकडे बघून एकसारखा खोकत होता. वाचलो!

७ फेब्रुवारी

जिंकलो म्हणून सकाळी खूश होतो. दुपारपर्यंत ते ओसरलं. घरात माझ्याच चावण्याचा आवाज येतो. गाव शाबासकी देतंय ती नायरीला, आणि नायरी कुठे आहे? मला ती हवी आहे. गोड, आंबट, काहीही कर म्हणावं, पण इथे कर.

८ फेब्रुवारी

मेलो. व्हॅल्मा पोस्टात भेटली. म्हणाली, "काल नेल्सनला फोन केला होता. म्हटलं, जॉयसच्या गुडघ्याची चौकशी करावी. बरा आहे म्हणे. आणि नायरीला सांगितलं, बाई गं, तुझं यंदाचं ड्रेसिंग म्हणजे आजवरचं सगळ्यात उत्तम!"

आजवरचं सगळ्यात उत्तम! एकदा सुनेचं चांगलं म्हणालो तर ही नेल्सनला गेली. आता माझंच हिच्यापेक्षा चांगलं निघालं! आता ती ऑस्ट्रेलियाला जाईल.

"नायरी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काहीच नाही. लाइन कट झाली बहुतेक."

९ फेब्रुवारी

सकाळी फोन. नायरी! नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय घातलंस त्यात?"

मी तोंड उघडलं आणि — देवानंच बुद्धी दिली — मिटलं.

"डेस? बोल ना! बरं, फोनवर राहू दे. शनिवारी येते. माझ्यासमोर करून दाखव."

दाखवीन. पण पहिल्याच दिवशी मुळीच नाही.