बोटीची उजवी बाजू

ता. ३, सोमवार.
सकाळी बँकेत गेलो. काम झालं नाही. परत येऊन गाडी रिव्हर्सने गॅरेजमध्ये घेताना मागचा हूक बोटीला लागला. बोट हिची. फायबरची, शिडाची, चौदा फुटी, दोघं बसतील एवढी. ही गेल्यापासून आठ महिने ट्रॉलीवर ताडपत्रीखाली आहे. उजव्या बाजूला, बोटीच्या नंबराच्या, ४७च्या, थोडं खाली, भोक पडलं. व्यास चार सेंटिमीटर. गाडीला काही झालं नाही.

मी पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. कोन चुकणं शक्य नाही. बोटच पुढे सरकलेली असणार. ट्रॉलीचं चाक पाहिलं. चाकाला दगड लावलेला आहे. दगडावर कोळ्याचं जाळं आहे, अखंड. तरीही.

ता. ४, मंगळवार.
मुलीचा फोन. बावीसला, शनिवारी येते म्हणाली. बोट तळ्यावर न्यायची आहे. वस्तू नुसती पडून राहिली की खराब होते, तुम्हाला जमत नसेल तर मी घेऊन जाते, आमच्याकडे बोटींचा क्लब आहे, असंही म्हणाली. मी बघू म्हणालो.

नेली तर माझी हरकत नाही. मला बोटीत कधीच रस नव्हता. पोहताही येत नाही. जागा मोकळी होईल. पण फुटलेली वस्तू कोणाला देणं बरोबर दिसत नाही. आणि फुटली हे कळलं, तर ती त्याच दिवशी गाडीला बांधून नेईल. नेण्याला हरकत नाही, अशी नेण्याला आहे.

निश्चय: बावीसच्या आत दुरुस्ती. स्वतःच्या हाताने. कोणाला सांगायचं नाही. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस बारा मिनिटांत करतो. मी दोन दिवस धरले.

ता. ६, गुरुवार.
दुकानात गेलो. दुकानदार बोलका. काय फुटलंय म्हणाला. घरातलं बाहेर सांगायची मला सवय नाही. पाण्याची टाकी म्हणालो. केवढी, कुठे, पिण्याची की वापरायची, असं त्याने खोदून खोदून विचारलं. पाचशे लिटरची, गच्चीवरची, पिण्याची. माझी उत्तरं चांगली होती. वरून रंग मारणार ना, असंही विचारलं. टाकीला लोक रंग मारतात, म्हणून हो म्हणालो. तेव्हा हातातला डबा परत ठेवून त्याने दुसरा काढला. हाच न्या काका, ह्याच्यावर रंग चांगला धरतो.

सामान: रेझिन, ते घट्ट व्हायला हार्डनरची छोटी बाटली, काचेचं कापड, ॲसिटोन, आणि तो डबा, म्हणजे जेलकोट, वरचा पांढरा थर.

फाटकाशी शेजारच्या नर्सबाई. हिची मैत्रीण. रिटायर झाल्यापासून त्यांना पेशंट कमी पडतात. पिशवीत काय आहे म्हणाल्या. त्यांनाही टाकीच सांगितली. सगळीकडे एकच सांगितलेलं बरं.

ता. ८, शनिवार.
काम सुरू. गाडी तात्पुरती बाहेर, झाडाखाली लावली. ग्राइंडर भाड्याने आणला.

नियम असा की भोकाभोवती उतार घासायचा, म्हणजे नवीन थर पकड घेतात. उतार जाडीच्या बारापट. जाडी चार मिलिमीटर. म्हणजे चहूबाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर, एकूण व्यास चौदा. सोपं गणित आहे. डावीकडे जरा जास्त गेलं. तेवढंच उजवीकडे घेतलं. मग वर. मग डावीकडे कमी वाटायला लागलं.

संध्याकाळी व्यास सव्वीस. मधलं भोक चारचं नऊ झालं आहे. प्रगती आहे. काय दुरुस्त करायचं ते आता लांबूनही दिसतं.

शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता.

ता. ९, रविवार.
सकाळपासून खाज. फायबर घासताना उडालेले काचेचे बारीक कण कातडीत शिरले आहेत. फाटकाच्या खांबाला पाठ घासत होतो, तेवढ्यात नर्सबाई आल्या. टाकीचीच खाज का, म्हणाल्या. हो म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर चिकटपट्टी लावून एका झटक्यात ओढली. कण निघाले. केसही निघाले.

दुपारी त्या स्वतः पाण्याच्या दोन बादल्या घेऊन आल्या. पिण्याची टाकी फुटली म्हणजे हालच हो भाऊजी. नको म्हणता येईना. त्या गेल्यावर पाणी हिच्या कुंड्यांत ओतलं. कुंड्यांत आता काही नाही, पण पाणी वाया घालवू नये.

निश्चय: पूर्ण बाह्या. नर्सबाईंना टाळणे.

ता. ११, मंगळवार.
रेझिन कालवून पाहिलं. हार्डनर दोन टक्के घाला असं लिहिलंय. कंपन्या हातचं राखून सांगतात. मी पाच घातला. चार मिनिटांत मापाचा मग गरम झाला, सहाव्या मिनिटाला धूर. ब्रश आत उभा राहिला तो उभाच. स्वयंपाकघरातला होता. अंगणात नेऊन ठेवला. कुंपणापलीकडून आवाज आला, टाकी पेटली का भाऊजी? मी घरात गेलो. टाळणे चालू आहे.

वास मात्र ओळखीचा. नेलपॉलिशसारखा. ही कधी लावत नसे. एकदाच लावलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी एका रविवारी, दोघी मायलेकींनी मिळून. घरभर हाच वास होता. मी खिडक्या उघडल्या आणि छान दिसतंय म्हणालो. नखांकडे पाहिल्याचं आठवत नाही, पण कौतुक करावं. मी करत असे.

ता. १३, गुरुवार.
मुलीने बोटीचा फोटो मागितला. डाव्या बाजूने काढून पाठवला. छान, आता उजवीकडूनही पाठवा, असं उत्तर.

अर्धा तास विचार केला. बोट मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते. म्हणजे डावीकडचा फोटो आरशातल्यासारखा उलटवला की उजवी बाजू मिळते. यात खोटं काही नाही, ही सममिती आहे. मोबाइलवर त्यासाठी बटणही आहे. पाठवला. तिचं उत्तर: मस्त.

वर्गात हे उदाहरण कधी सुचलं नाही.

ता. १५, शनिवार.
कापड चिकटवायला भोकाच्या आतून पुठ्ठ्याचा आधार लागतो. बोटीच्या पुढच्या भागावर एक गोल झाकण आहे, त्यातून फक्त हात आत जातो. काही दिसत नाही. म्हणून मोबाइल आत धरून फोटो काढला.

माझ्या भोकापासून वीतभर अंतरावर एक जुना चौकोनी तुकडा आहे. कापड आणि रेझिन. कोणीतरी आधी इथे दुरुस्ती केली आहे. शेजारी पेन्सिलने तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. खाली लिहिलंय:

'दगड दिसला नाही. ह्यांना सांगायचं नाही.'

अक्षर हिचं. हात आत घालून आंधळेपणाने लिहिलेलं, तरी ओळखू येतं.

त्या जागी बाहेरून हात फिरवला. काही लागत नाही. नखालाही लागत नाही. गेल्या शनिवारी अजून तासभर ग्राइंडर चालला असता तर मी तिथे पोचलो असतो.

'ह्यांना' म्हणजे नेमकं कोणाला ते स्पष्ट नाही. तळ्यावरच्या क्लबचे सेक्रेटरी असावेत. फार कडक होते.

आज पुढचं काम केलं नाही. हवा दमट होती.

ता. १६, रविवार.
सेक्रेटरी नसावेत.

बोट घेतली तेव्हा मी हिला म्हणालो होतो, आठवड्यात फोडशील. थट्टेत. तिने तीन वर्षांनी फोडली. सांगितलं असतं तर मी काही बोललो नसतो.

संध्याकाळी: एखादं वाक्य बोललो असतो.

जेवणानंतर: ते वाक्य तयार होतं. तीन वर्षं जवळ ठेवलं होतं.

ता. १८, मंगळवार.
रेझिन ओघळू नये म्हणून बोट डाव्या कुशीवर कलंडवली, खाली जुनी गादी घातली. पाठ धरली. हार्डनर दोन टक्के, थेंब मोजून. कापडाचे पाच थर, लहान ते मोठा, एकही बुडबुडा नाही. दुपारपर्यंत दगडासारखं घट्ट. मुठीने ठोकून पाहिलं. मूठ दुखते आहे.

अवघड भाग संपला. आता फक्त रंगरूप.

ता. २०, गुरुवार.
कापड घासून गुळगुळीत केलं, जेलकोट लावला. बोट पांढरी, जेलकोट पांढरा, पण दोघांची ओळख नसावी. बोटीचा पांढरा चौदा उन्हाळे पाहिलेला, जेलकोट आज डब्यातून निघालेला. म्हाताऱ्याच्या तोंडात नवा दात बसवावा तसं दिसतंय. वाळला की जुळेल.

ता. २१, शुक्रवार. सकाळी आठ.
वाळलेला नाही. बोट चिकटतं.

दुपारी दोन: पंखा लावला. नंतर हिचा हेअर ड्रायर. ड्रायरमध्ये तिचा एक केस अडकला होता. ड्रायर परत ठेवला.

संध्याकाळी सहा: चिकटच. नर्सबाईंचं मांजर त्यावरून चालत गेलं. चार पंजे, एका रांगेत, सारख्या अंतरावर. शेवटचा अर्धवट आहे, तिथे त्याला कळलं असावं.

निश्चय: बोट सरळ करून ताडपत्री जरा उंच बांधायची. तळ्यावर वारा नाही असं सांगायचं. पुढच्या वेळी बघू म्हणायचं.

ता. २२, शनिवार.
मुलगी दहाला आली. वारा नाही म्हणालो. तिने माझ्या मागे दोरीवर फडफडणाऱ्या टॉवेलकडे पाहिलं आणि गॅरेजमध्ये गेली.

ताडपत्री काढताना तोल सांभाळायला तिने बोटीवर हात टेकला. हात तिथेच राहिला. मी ॲसिटोन आणलं. बोट पुढे सरकली होती, असं तिचा हात सोडवता सोडवता सांगितलं.

"आकडे उलटे होते, बाबा," ती म्हणाली.

कुठले आकडे, मी विचारलं. फोटोतले. बोट दोन्हीकडून सारखी असते, पण सत्तेचाळीस दोन्हीकडून सारखा नसतो. फोटो बघून ती आधी घाबरली, मग नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बोटीचं माहीत नाही गं, पण तुझ्या बाबांची एक टाकी फुटलीय, ती त्यांनी गॅरेजमध्ये ठेवलीय आणि तिला वल्ही आहेत.

मी गोल झाकण उघडलं आणि तिला मोबाइल दिला. तिने आत हात घालून फोटो काढला आणि अक्षरं मोठी करून वाचली.

"डबा मी धरला होता," ती म्हणाली.

दहावीत होती. आई घासत होती, ती कालवत होती. वासाने मी आत आलो तेव्हा दोघींनी हात पाठीमागे घेतले आणि तोंडात आलं ते सांगितलं, नेलपॉलिश. मी खिडक्या उघडल्या. छान दिसतंय म्हणालो. "आई आठवडाभर हसत होती हो. भांडी घासतानासुद्धा."

मी म्हणालो, तो पॅच मला कधी दिसलाच नाही. तुम्ही बोटीकडे बघितलं कधी, असं ती म्हणाली. मग तिलाच हसू आलं. तळहाताला मांजराचे केस लागले होते, ते काढत बसली. मीही हसलो असेन.

जेवण झाल्यावर तिने सरळ विचारलं, घेऊन जाऊ का. मी सांगायचं ठरवलं होतं की हरकत नाही, जागा मोकळी होईल.

"नको," मी म्हणालो. "इथेच राहू दे."

कारण विचारलं नाही. अटी घातल्या. पॅच नीट होईपर्यंत तळं नाही. गाडी गॅरेजमध्ये यायची नाही, कुठल्याच कोनातून. आणि पोहण्याचा क्लास. तिसरीवर विचार करतो म्हणालो. विचार नको, नाव घाला, म्हणाली. आवाज थेट हिचा.

ता. २३, रविवार.
मुलगी सकाळी गेली.

दुकानदाराला फोन केला. टाकी नाही, बोट आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "मग मेणाचा डबा पाहिजे होता, काका." शेवटच्या थरात मेण लागतं, नाहीतर तो हवेत कायमचा चिकट राहतो. वरून रंग मारायचा असेल तरच बिनमेणाचा. मी हो म्हणालो होतो. पहिल्या दिवशी त्याच्या हातात बरोबर डबा होता, तो मी परत ठेवायला लावला.

जेलकोट पत्र्याने खरवडला. चार मिनिटं लागली. पंजेही गेले. खालचं कापड पक्कं आहे.

नर्सबाईंना बादल्या परत द्यायला निघालो. जाताना गाडी दिसली. तात्पुरती लावली त्याला पंधरा दिवस झाले. झाडावरच्या पक्ष्यांनी पुढची काच पूर्ण रंगवली आहे, मागचीही. एक बादली परत आत आणली, भरली, आणि दोन्ही काचा धुतल्या.